आधी कार्ड उलटून बघा

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका बाबांनी मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला बेसबॉल कार्डांचा बॉक्स आणला. एका पाकिटातून नेहमीच्या कार्डाच्या तिप्पट जाड कार्ड निघालं. मधोमध खिडकी कापलेली आणि खिडकीत पोस्टाच्या तिकिटाएवढा पांढऱ्या कापडाचा चौकोन. मुलगा घरभर नाचला. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर असलेल्या आजी म्हणाल्या, "कुणाच्या घामट सदऱ्याची चिंधी ती! आधी हात धू." कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलंय की ही वस्तू कुठल्याही ठरावीक सामन्यातली, कार्यक्रमातली किंवा हंगामातली नाही. बाबा विचारतात: मग हे कापड खरंच खेळाडूने सामन्यात घातलेलं असतं का, याची किंमत किती धरायची, आणि पोराला हा नाद लावायचा का?

मी ही कार्डं 2001 पासून जमवतो. पहिली सात-आठ वर्षं दिसेल ते घेत सुटलो, मग त्यातली बरीचशी मिळेल त्या भावाला काढली. आता वर्षाकाठी पाच-सहा घेतो. अधूनमधून शनिवारी कार्ड शोमध्ये टेबलही लावतो, त्यामुळे विकणाऱ्याच्या खुर्चीतून काय दिसतं तेही ठाऊक आहे. आणि आजींचं म्हणणं बारा आणे बरोबर आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

उरलेले चार आणे कार्डाच्या मागच्या बाजूला असतात. तुम्ही ती बाजू वाचलीत, हेच निम्म्या लोकांच्या पुढचं पाऊल आहे. या छंदात नवीन माणूस खिडकीतल्या कापडाकडे बघतो, जुना माणूस कार्ड हातात आल्याबरोबर उलटं करतो. कारण सगळा फरक तिथल्या दोन-तीन ओळींत आहे. "या खेळाडूने मेजर लीगच्या अधिकृत सामन्यात घातलेल्या जर्सीचा हा अस्सल तुकडा आहे" असं लिहिलं असेल (मेजर लीग म्हणजे बेसबॉलची सर्वोच्च व्यावसायिक लीग), तर कंपनीने खेळाडूचं नाव आणि सामना या दोन्हींवर आपली सही केली असं समजा. "गेम-यूज्ड" एवढंच असेल तर सामन्यात वापरलेलं आहे, कधी ते सांगत नाहीत. "प्लेयर-वॉर्न" म्हणजे खेळाडूने अंगात घातलं होतं, पण कुठे? बऱ्याचदा फोटो काढायच्या दिवशी. नवख्या खेळाडूला जर्सींचा गठ्ठा देतात, तो एकेक घालतो, काढतो, पुढची घालतो. घामाचा थेंबही लागत नाही. (आजींना हे ऐकून बरं वाटेल.) "इव्हेंट-वॉर्न" त्याचाच भाऊ. आणि तुमच्याकडे आहे ते वाक्य या शिडीची सगळ्यात खालची पायरी. त्यात कंपनी खोटं बोलत नाही. ती फक्त कशाचीच हमी देत नाही. तुमच्या चौकोनातलं कापड खऱ्या सामन्यातलं असूही शकतं, पण ते तसं आहे असं म्हणायला कागदावर काही आधार नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर एवढंच.

शिडीच्याही खाली, जमिनीवरच, एक प्रकार आहे, "मॅन्युफॅक्चर्ड पॅच". संघाचं बोधचिन्ह कारखान्यात भरतकाम करून थेट कार्डासाठीच बनवलेलं. ते कुणी कधी घातलेलंच नसतं. दिसायला सगळ्यात देखणं तेच असतं, त्यामुळे मुलं त्यावरच भाळतात.

वाक्य नीट वाचण्याचं एक नेहमीचं उदाहरण देतो. टॉप्स कंपनी ऑल-स्टार सामन्याची (वर्षातून एकदा होणारा निवडक खेळाडूंचा सामना) कार्डं काढते, त्यांचं नाव "ऑल-स्टार स्टिचेस". नावावरून वाटतं, ऑल-स्टार सामन्यात घातलेली जर्सी. मागे वाचलं की कळतं, सामन्याच्या आदल्या दिवशीच्या सरावात घातलेली. फसवणूक नाही, सगळं लिहिलेलं आहे. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या दहांतल्या आठ जणांना हे मी सांगेपर्यंत माहीत नसतं, आणि सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडतो.

ही शिडी आली कुठून, हे कळलं तर भावही आपोआप कळतात. सामन्यात वापरलेली वस्तू कापून कार्डात घालायची कल्पना बेसबॉलची नाही, मोटार शर्यतींची. 1996 साली प्रेस पास कंपनीने शर्यतीत झिजलेल्या टायरचे तुकडे कार्डात बसवले. त्याच वर्षी अप्पर डेकने अमेरिकन फुटबॉलच्या जर्सी कापल्या आणि 1997 साली बेसबॉलच्या. त्या पहिल्या बेसबॉल संचात तीनच खेळाडू होते: केन ग्रिफी ज्युनियर, टोनी ग्विन आणि रे ऑर्डोन्येझ. ग्रिफीने त्या हंगामात 56 होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले, ग्विनची फलंदाजीची सरासरी .372 होती, आणि ऑर्डोन्येझची .216. ऑर्डोन्येझ क्षेत्ररक्षणात जादूगार होता यात वाद नाही, पण ज्याच्या पाकिटातून तो निघाला त्याला काय वाटलं असेल ते मी अजून कल्पना करून हसतो. आठशे पाकिटांत एक असं ते कार्ड पडायचं. आठशे पाकिटं! तेव्हा अशा कार्डावर लोक अक्षरशः तुटून पडायचे, कारण गावात एखाद्याकडेच ते असायचं.

मग सगळ्याच कंपन्यांच्या लक्षात आलं की कापड असेल तर बॉक्स खपतो. मी या छंदात शिरलो तोवर जवळजवळ प्रत्येक बॉक्समध्ये एखादं तरी कापडाचं किंवा बॅटच्या लाकडाचं कार्ड हमखास असे. पाकीट न फोडता बोटांनी चाचपून जाड कार्ड शोधणारे लोक दुकानांत घोटाळायचे, म्हणून कंपन्या साध्या पाकिटांतही कोरं जाड पुठ्ठ्याचं कार्ड घालू लागल्या. एवढी कार्डं काढायची तर जर्सी पाहिजेत. इतक्या जर्सी आणायच्या कुठून आणि प्रत्येकीचा सामना कोण लिहून ठेवणार? तेव्हापासून मागचं वाक्य पातळ होत गेलं. ताकात पाणी घालत जावं तसं.

इथे मला जे खरं सांगायचंय ते येतं. जर्सी अखंड असते तेव्हा ती स्वतःच साक्ष देते. कॉलरमागची मापाची चिठ्ठी, वर्षाचा टॅग, नंबर शिवण्याची पद्धत, कापडाची झीज, घसरून धाव पूर्ण केल्यावर बसलेला मातीचा डाग. आजकाल तर सामन्याच्या फोटोंशी ताडून बघतात. पट्ट्यापट्ट्यांचं कापड असेल तर बटणपट्टीवर कुठला पट्टा कुठे तुटतो हे प्रत्येक जर्सीत वेगळं असतं, बोटांच्या ठशासारखं. एकदा कात्री चालली की ही सगळी साक्ष मेली. दोन सेंटिमीटरच्या पांढऱ्या चौकोनावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही तो कुणाच्या अंगावर होता. म्हणून ज्याने पुरावा कापला, त्यानेच तो काय होता हे लिहून द्यायला हवं. ते लिहून दिलेलं नसेल तर मी त्या कापडाचा एक पैसा धरत नाही, कार्ड फक्त कार्ड म्हणून मोजतो.

कापण्याबद्दलच लोक खवळले ते बेसबॉलचा दंतकथा झालेला जुना खेळाडू बेब रूथ याच्या वेळी. अप्पर डेकने त्याची एक बॅट लिलावात सुमारे 23 हजार डॉलरना घेतली, तिच्या ढलप्या काढल्या आणि 1999 साली कार्डांत घातल्या. "संग्रहालयातली वस्तू करवतीखाली घातली" म्हणून टीका झाली. पुढे 2003 मध्ये डॉनरस या दुसऱ्या कार्ड कंपनीने रूथची 1925 च्या काळातली जर्सी अडीच लाख डॉलरहून जास्त मोजून घेतली आणि तीही कापली. तेव्हा तर ओरड आणखी मोठी झाली, कारण रूथच्या जर्सी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत.

माझं मत? बॅटबद्दल मला फारसं दुःख नाही. रूथच्या बॅटी बऱ्याच शिल्लक आहेत, आणि एका बॅटमुळे काहीशे सामान्य माणसांच्या घरात रूथ पोचला. जर्सीबद्दल मात्र आजही पोटात कालवतं. आपल्याकडे आजीची जुनी लुगडी फाडून गोधडी शिवतात, तिची ऊब वेगळीच असते. पण म्हणून कुणी ठेवणीतली एकुलती एक पैठणी गोधडीसाठी फाडत नाही. हा भेद कार्ड कंपन्यांना कळायला हवा होता.

पुरावा कापला की लबाडाला रान मोकळं होतं, आणि तसं झालंही. 2012 च्या सुमारास इलिनॉयमधल्या फेडरल कोर्टात काही जर्सी-विक्रेत्यांवर खटले चालले. साध्या जर्सी विकत घ्यायच्या, घासून, मळवून त्या वापरल्यासारख्या करायच्या आणि "गेम-यूज्ड" म्हणून कार्ड कंपन्यांना विकायच्या, असा तो धंदा. काहींनी गुन्हा कबूल केला. म्हणजे कंपनीची नियत साफ असली तरी तिच्या हातात आलेला माल साफ असेलच असं नव्हतं. त्या काळातली हमी वाचताना मी हे मनात धरतो.

सह्यांच्या बाबतीत हाच गोंधळ आधीच झाला होता. नव्वदच्या दशकात एफबीआयने खोट्या सह्यांचे मोठे रॅकेट पकडले. त्या तपासाला "ऑपरेशन बुलपेन" म्हणत. खुद्द टोनी ग्विनला त्याच्या संघाच्या दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्या दिसल्या होत्या. त्यातून 2001 साली मेजर लीग बेसबॉलने स्वतःची प्रमाणीकरण व्यवस्था सुरू केली. प्रत्येक सामन्याला त्यांचा माणूस मैदानात हजर असतो, बहुधा नोकरीत असलेला किंवा निवृत्त पोलीस अधिकारी. चेंडू, बेस (धावताना गाठायची चौकोनी गादी), जर्सी खेळातून बाहेर आली की त्याच्या डोळ्यांदेखत तिच्यावर होलोग्रामचा स्टिकर बसतो. स्टिकर काढायला गेलात तर तो फाटतो. त्यावरचा नंबर मेजर लीगच्या संकेतस्थळावर घातला की कुठला सामना, कुठली तारीख, कुणाची वस्तू हे समोर येतं. अशी जर्सी कापून बनवलेल्या काही कार्डांवरही तो होलोग्राम आणि नंबर असतो. होलोग्राम आहे ते कार्ड आणि तुमच्याकडचं कार्ड, दोन्हींत चौकोन पांढराच. पण एक सातबारा असलेली जमीन आहे आणि दुसरी "आमच्या आजोबांची होती म्हणतात" अशी.

नुसतं तारखेचं वजन किती असतं ते अलीकडे दोनदा दिसलं. 2023 पासून मेजर लीगमध्ये पहिलाच सामना खेळणाऱ्या खेळाडूच्या बाहीवर एक खास पॅच लावतात. सामना संपला की तो उतरवतात, प्रमाणित करतात, आणि तो एकाच कार्डात जातो. दुसरं तसं कार्ड नाहीच. पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा पिचर, म्हणजे गोलंदाज, पॉल स्कीन्स 11 मे 2024 ला पहिल्यांदा खेळला. त्याच्या पॅचचं कार्ड लॉस एंजेलिसकडच्या अकरा वर्षांच्या एका मुलाला पाकिटात मिळालं. पायरेट्सने त्या बदल्यात 30 वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. घरच्यांनी नम्रपणे नको म्हटलं आणि मार्च 2025 मध्ये कार्ड लिलावात 11 लाख डॉलरच्या वर गेलं. दुसरी गोष्ट शोहेई ओहतानी या खेळाडूची. 19 सप्टेंबर 2024 ला मायामीत त्याने एका दिवसात तीन होम रन मारले, दोन बेस चोरले (फटक्याची वाट न बघता धावून पुढचा बेस गाठला) आणि एकाच हंगामात 50 होम रन आणि 50 चोरलेले बेस करणारा पहिला खेळाडू झाला. त्या दिवशीची त्याची पँट टॉप्सने कापली. त्यातलं लीगचं बोधचिन्ह आणि ओहतानीची सही असलेलं कार्डही दहा लाख डॉलरच्या पुढे विकलं गेलं. पँटच्या कापडाला काय, धोब्याकडे कपाटभर पडलं असेल. किंमत त्या गुरुवारच्या संध्याकाळची आहे. द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला बांधलेल्या चिंधीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती चिंधी कुठल्या शालूची होती ते कुणी विचारत नाही; कुणी, कुणाला, कधी बांधली हेच लक्षात राहतं.

आता कापडाकडे वळू, कारण सगळं मागच्या वाक्यावर सोडायचं नसतं. कापड बोलत नाही, पण खोटं बोलणारा त्याच्यामुळे पकडला जातो. जुन्या खेळाडूंच्या जर्सी लोकरीच्या फ्लॅनेलच्या असत. 1970 साली पायरेट्सनी पहिल्यांदा ताणल्या जाणाऱ्या दुहेरी विणीच्या कापडाचे गणवेश घातले आणि बघता बघता सगळे संघ तिकडे गेले. तेव्हा रूथ आणि त्याचा संघसोबती गेरिग यांच्या काळातल्या खेळाडूच्या खिडकीत गुळगुळीत, चकचकीत कृत्रिम कापड दिसलं तर कार्ड खाली ठेवा आणि पुढच्या टेबलाकडे जा. लोकर भिंगाखाली केसाळ दिसते, रंग दुधाळ पिवळट पडलेला असतो. नव्वदच्या दशकातल्या खेळाडूच्या कार्डात बारीक भोकाभोकांचं जाळीदार कापड दिसलं तर ते बहुधा फलंदाजीच्या सरावाला घालायच्या जर्सीचं असतं. पांढरा चौकोन घरच्या मैदानावरचा, करडा असेल तर बाहेरगावचा. उभे पट्टे आणि खेळाडू न्यूयॉर्कच्या यँकीज संघाचा असेल तर घरचा सामना, कारण यँकीज पट्टे घरीच घालतात. बॅटचा तुकडा असेल तर लाकडाच्या रेषा बघा: अ‍ॅश लाकडात त्या ठळक, लांबट दिसतात, मेपल बरंच सपाट असतं. मेपलच्या बॅटी मोठ्या संख्येने आल्या त्या नव्वदीच्या शेवटापासून, बॅरी बाँड्सने 2001 मध्ये 73 होम रन मारल्यावर तर जास्तच.

माझी सगळ्यात लाडकी चाचणी यँकीजचीच आहे. एकदा शोमध्ये एक तरुण माझ्याकडे यँकीजच्या खेळाडूचं कार्ड घेऊन आला. खिडकीत पाठीवरच्या नावातलं अख्खं अक्षर, निळं, जाड, कडांना टाके. "नेमप्लेट आहे काका, एकातलं एक." मी त्याला विचारलं, यँकीजच्या पाठीवर नाव कधी पाहिलंस? तो गप्प. यँकीज पाठीवर नाव लावतच नाहीत, ना घरी ना बाहेर. फक्त 2017 पासून तीन वर्षं ऑगस्टमध्ये "प्लेयर्स वीकेंड" नावाची गंमत झाली, तेव्हा टोपणनावं लावली होती. त्याच्या कार्डावरचा खेळाडू त्याच्या कितीतरी आधी निवृत्त झालेला. कार्ड कंपनीचंच होतं, पण आतला तुकडा कुणीतरी बदललेला.

हे तुकडा बदलणं हा या छंदातला सगळ्यात मोठा रोग. का, ते साध्या हिशेबाने कळेल. मोठ्या मापाच्या जर्सीत सव्वा चौरस मीटरच्या आसपास कापड असतं. चार चौरस सेंटिमीटरचा एक चौकोन धरला तर तीन हजार तुकडे होतात. त्यात बहुतेक सगळे एकरंगी. रंगीत तुकडे निघतात ते छातीवरचं नाव, पाठीवरचा नंबर आणि बाहीवरचं चिन्ह एवढ्यातूनच, आणि दोन-तीन रंग एकत्र येतात ते त्यांच्या कडेला. याला पॅच म्हणतात. आपल्या भाषेत ठिगळ, पण हे ठिगळ साध्या चौकोनाच्या दहा-वीसपट भावाने जातं. कॉलरमागचं लीगचं चिन्ह आणि धुलाईची चिठ्ठी तर जर्सीत एकेकच. बटणं सहा-सात. म्हणून लबाड माणूस पाच डॉलरचं साधं कार्ड घेतो, ब्लेडने ते कडेने उघडतो, पांढरा चौकोन काढतो आणि दुकानातल्या जर्सीचा तीनरंगी तुकडा बसवून परत चिकटवतो.

मीही यात पोळलोय. 2006 मध्ये ऑनलाइन एका विक्रेत्याकडून एका पिचरचं तीनरंगी पॅचचं कार्ड घेतलं, 140 डॉलरला. पंचवीसातलं अकरावं, म्हणजे एकूण पंचवीसच काढलेली: समोर सोनेरी शाईत 11/25 छापलेलं. महिनाभर टेबलावर मांडून मिरवलं. मग एका मित्राने जुन्या लिलावांच्या फोटोंत त्याच कार्डाचा फोटो काढून दाखवला. तोच खेळाडू, तोच 11/25, वर्षभर आधी विकलेला. खिडकीत मात्र सपाट करडं कापड. मी कार्ड दिव्यासमोर तिरकं धरलं तेव्हा उजव्या कडेला केसाएवढी फट दिसली, आणि अतिनील दिव्याखाली त्या कडेने गोंद निळसर चमकला. विक्रेत्याचं खातं तोवर बंद. बायको म्हणाली, "एवढ्यात चांगली साडी आली असती." कार्ड अजून माझ्याकडे आहे. शोमध्ये नवख्या पोरांना कड कशी दिसते हे दाखवायला नेतो. तेव्हापासून सिरीयल नंबर असलेलं कुठलंही कार्ड मी आधी जुन्या फोटोंत शोधतो, मगच पैसे देतो. तुम्हीही एवढं कराच, दहा मिनिटं लागतात. आणि एक लक्षात असू द्या: प्लास्टिकच्या डबीत बंद करून दर्जा देणाऱ्या कंपन्या पुठ्ठ्याची स्थिती तपासतात, बदलाबदल दिसली तर कार्ड नाकारतात, आतलं कापड कुणी घातलं होतं याची ग्वाही त्या देत नाहीत.

किंमत. विक्रेता मागतो तो भाव बघू नका; ऑनलाइन बाजारात "विकले गेलेले" असा गाळणीचा पर्याय असतो, तो लावून बघा. चालू पण फार थोर नसलेल्या खेळाडूचा पांढरा चौकोन, मागे तुमच्यासारखं वाक्य: दोन ते पाच डॉलर. तुमच्या मुलाचं कार्डही याच टोपलीतलं असण्याची शक्यता फार आहे. बॉक्सला तुम्ही त्याच्या कितीतरी पट मोजलेत, हे त्याला सांगू नका, स्वतःशी मात्र लिहून ठेवा. कापडाचं कार्ड हवं असेल तर ते सुटं विकत घ्यावं, बॉक्स फोडून मिळवायला जाऊ नये. बॉक्स फोडण्यात मजा आहे, मी नाकारत नाही, पण ती लॉटरीच्या तिकिटाची मजा आहे आणि तिचं बजेट वेगळं ठेवावं.

नाद लावावा का, याचं उत्तर मी माझ्याकडच्या कार्डांवरूनच देऊ शकतो. भारी भावाची कार्डं मी विकून टाकली. राहिली ती ज्यांच्यामागे मला काही सांगता येतं ती. बंद पडलेल्या मैदानातल्या खुर्चीच्या लाकडाचं एक आहे, त्या मैदानात मी अमेरिकेत आल्यावर पहिला सामना पाहिला होता आणि खेळातलं ओ की ठो कळलं नव्हतं. लिलावात त्याचे आठ डॉलरही येणार नाहीत. तुमच्या मुलाला त्याचा आवडता खेळाडू विचारा, त्याचं होलोग्राम असलेलं, तारीख सापडणारं एकच कार्ड वर्षभरात शोधून काढा असं सांगा. नंबर घालून सामना शोधणं, मग त्या सामन्याचा धावफलक काढून तो खेळाडू त्या दिवशी काय खेळला ते बघणं, यात पोरं तासन्‌तास रमतात. माझा पुतण्या याच वाटेने टक्केवारी आणि सरासरी शिकला. शाळेने प्रयत्न करून झाले होते.

तोवर हातात आहे ते कार्ड नीट ठेवा. साध्या कार्डाचं प्लास्टिकचं कडक पाकीट 35 पॉइंटचं असतं, पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तुमचं जाड कार्ड त्यात कोंबलंत तर कोपरे दुमडलेच म्हणून समजा. 130 पॉइंटचं पाकीट मागा. घरी जाडी अंदाजायची असेल तर दोन पेनी (एक सेंटची नाणी) एकावर एक ठेवा, त्या साधारण 120 पॉइंट होतात. आधी पातळ मऊ पिशवी, मग कडक पाकीट, नाहीतर घालता काढताना खिडकीची कड कापडाला ओढते आणि धागा निघतो. निघालेला धागा कापायचा नाही, आत ढकलायचा नाही, तसाच ठेवायचा. कापडावर डाग असेल तर तो पुसायचा नाही. खऱ्या जर्सीतला तोच तर माल. पुढेमागे कार्डं पुण्याला नेणार असाल तर पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी डब्यात टाका, दमटपणाने चकचकीत कार्डं धनुष्यासारखी वाकतात. जुन्या लोकरीच्या तुकड्याला कसर लागेल या भीतीने कपाटात डांबराच्या गोळ्या मात्र ठेवू नका. त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं आणि कार्ड डबीला चिकटतं.

आणि आजींना सांगा, हात धुवायलाच हवेत. फक्त कार्डाला हात लावल्यावर नाही, लावायच्या आधी.